पलीकडचं अर्धं मैदान

बळवंतराव घोडक्यांची आणि माझी गाठ एका टेबलानं घालून दिली. ग्वाल्हेर, इंदूर आणि भोवतालची लहानसहान संस्थानं मिळून मध्य भारत झाला, तेव्हा आमच्या खात्यात माणसं दुप्पट झाली आणि टेबलं होती तेवढीच राहिली. मग दोघांत एक टेबल असा हुकूम निघाला. माझ्या वाट्याला फौजेच्या भांडार-कचेरीतून आलेले एक उंच, सडसडीत, मिशा बारीक कातरलेले गृहस्थ आले. नमस्कार-चमत्कार नाही, नाव-गाव नाही. त्यांनी टेबलाच्या मधोमध पट्टी ठेवली, माझी दौत तिच्या अलीकडे सरकवली आणि म्हणाले, "हा अर्धा तुमचा. यात तुम्ही काय करता ते मी बघणार नाही." मला वाटलं, माणूस खडूस आहे. आठवड्याभरात कळलं की खडूस नाही, हॉकीचा अंपायर आहे.

घोडक्यांचे पूर्वज साताऱ्याकडून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. घोड्यावर बसलेला घराण्यातला शेवटचा माणूस म्हणजे बळवंतरावांचे आजोबा. बळवंतराव सायकलवर आले. कचेरीत ते साधे कारकून होते. वरिष्ठांनी एखादी फाइल दोनदा परत पाठवली तरी निमूटपणे तिसऱ्यांदा लिहायचे. पण हिवाळ्यातल्या रविवारी खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून, शिट्टीचा गोफ मनगटाला गुंडाळून ते दाणा ओळीच्या गल्लीतून सायकल काढायचे, तेव्हा ओळीतले लोक ओट्यावरचे पाय आत घ्यायचे. सामन्याच्या दिवशी ते कुणाकडे चहा घेत नसत. पाणीसुद्धा घरून फिरकीच्या तांब्यात न्यायचे. एकदा मी म्हटलं, "बळवंतराव, पाण्यात कुणी गोल विरघळवून देत नाही." ते म्हणाले, "देणाऱ्याला वाटतं न, की दिला." हे खरं होतं.

हॉकी न पाहिलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा माणूस सगळा तीतच आहे. हॉकीत अंपायर दोन असतात. मैदानाचा एक अर्धा भाग एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, अंपायर बदलत नाहीत. आपल्या अर्ध्यात काय वाटेल ते घडो, शिट्टी आपली. पलीकडच्या अर्ध्यात डोळ्यांदेखत खून पडला तरी शिट्टी त्याची. त्यानं विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर तोंड मिटून उभं राहायचं.

हा नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो. बळवंतरावांना मात्र तो लागला होता, एखाद्याला ऊन लागतं तसा. त्याला कारण होतं. तरुणपणी पलटणीतल्या एका म्हाताऱ्या हवालदाराच्या हाताखाली ते अंपायरिंग शिकले. एका सरावाच्या सामन्यात हवालदारसाहेबांच्या अर्ध्यात कुणाचा तरी पाय चेंडूला लागला. त्यांना दिसला नाही, बळवंतरावांना दिसला, आणि यांनी शिट्टी फुंकली. हवालदारसाहेब संथपणे सगळं मैदान ओलांडून आले, गळ्यातली शिट्टी काढून यांच्या हातावर ठेवली, म्हणाले, "लो बेटा, दोनों तुम ही बजाओ," आणि मैदानाबाहेर जाऊन बसले. पुन्हा आलेच नाहीत. "तिथून पुढे सामना कुणी मानलाच नाही, दीक्षित," बळवंतराव मला सांगायचे. "पाय लागलाच होता. माझं बरोबर होतं. पण एकाची शिट्टी खोटी केली की दुसऱ्याचीही खरी राहत नाही."

हे ऐकायला छान वाटतं. जवळ राहणाऱ्याला त्याचा जाच होतो. आमच्या कचेरीत ग्वाल्हेरवाले आणि इंदूरवाले यांच्यात ज्येष्ठतेवरून रोज धुसफूस चालायची. तेव्हा राजधानीसुद्धा अर्धी-अर्धी होती, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. पेट्या भरायच्या, पेट्या उघडायच्या. एका उन्हाळ्यात आमच्या एका मित्राची बढती इंदूरच्या माणसाला गेली. टिपण चुकीचं झालंय हे बळवंतरावांना स्पष्ट दिसत होतं, कारण तो कागद त्यांच्यासमोरून गेला होता. मी म्हटलं, साहेबांना सांगा. ते म्हणाले, "टिपण पलीकडच्या टेबलाचं. साहेबांनी विचारलं तर सांगीन." साहेबांनी कशाला विचारलं असतं? मित्र जिथं होता तिथंच राहिला. मला बळवंतरावांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

पण त्यांच्या स्वतःच्या अर्ध्यात त्यांना पाहावं. हजीरा या आमच्या गावातल्या वस्तीच्या एका संघाचा सामना होता, आणि हजीऱ्याचे लोक सामना बघायला येताना घरी सांगून येत नसत, कारण मारामारी होऊन परत कधी येऊ याचा भरवसा नसे. सामना संपत आलेला, बरोबरी चाललेली, आणि बळवंतरावांनी हजीऱ्याच्या विरुद्ध पेनल्टी दिली. तीवर गोल झाला. मग शंभरेक माणसं शिव्या देत त्यांच्या मागं निघाली. बळवंतराव सायकलवर बसले नाहीत. बसले असते तर पळाले असं झालं असतं. ते सायकल हातात धरून नई सडकेपर्यंत चालत गेले, मी शेजारी. नई सडकेवर गजकवाल्याच्या दुकानाशी ते थांबले, घरच्यासाठी तिळाचा गजक बांधून घेतला, आणि मागं वळून पुढच्या पहिलवानाला म्हणाले, "पैर लगा था कि नहीं लगा था?" पहिलवान जमिनीकडे बघत म्हणाला, "लगा तो था, साब." "फिर घर जाओ." आणि लोक खरंच घरी गेले. पुढे हजीऱ्याचे लोक सामना ठरवताना पहिल्यांदा विचारायचे की घोडके साब आहेत ना.

घरी त्यांच्या अर्ध्यात फारसं काही येत नसे. स्वयंपाकघर वहिनींचं. भाजीत मीठ नसेल तर बळवंतराव मागायचे नाहीत, वहिनींनी विचारायची वाट बघायचे. वहिनी मला सांगायच्या, "भाऊजी, यांचं एक बरं आहे. घराला आग लागली तरी आधी बघतील, कुणाच्या बाजूला लागली." वहिनी उज्जैनच्या, बोलायला फटकळ, आणि या मुक्या माणसाचं बोलणंही त्याच बोलून टाकायच्या. मुलगा एकच, यशवंत. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा परत आलेला. पण त्याच्या हातात स्टिक दिली की बघत राहावं. बारीक अंगाचा, आणि चेंडू त्याच्या स्टिकला असा चिकटायचा की समोरच्याला वाटावं, आपण उगाच मध्ये आलो.

यशवंत संस्थानच्या संघात खेळायचा, म्हणजे पगार किरकोळ, पण वर्दी होती आणि पुढं कायम होण्याची आशा होती. विलीनीकरणात तो संघच बरखास्त झाला. मग बातमी आली की नव्या प्रांताचा एक संघ होणार, त्यात निवडलेल्यांना पक्की सरकारी नोकरी, आणि निवड ग्वाल्हेर विरुद्ध इंदूर या एका सामन्यावरून. जिंकतील त्यांचे जास्त खेळाडू घेणार, आणि ज्यानं गोल केला तो तर आलाच. वहिनींनी तेव्हापासून गुरुवार धरले. मॅट्रिक नापास मुलाला त्या ग्वाल्हेरात दुसरं काय मिळणार होतं? फौज गेली, दरबार गेला, आणि आमच्या घरांतली पोरं एकेक करून कानपूर, नागपूर, मिळेल तिथं जाऊ लागली होती. यशवंतला जायचं नव्हतं. तो मला म्हणाला होता, "काका, मला इथंच राहायचं आहे. मी बाहेर काय करणार? मला हेच एक येतं."

सामन्याला अंपायर एक ग्वाल्हेरचा, एक इंदूरचा असं ठरलं. त्या काळी सगळंच तसं ठरायचं. ग्वाल्हेरचे नावाजलेले अंपायर तीन. त्यातले एक अंथरुणाला खिळलेले, दुसऱ्यांचा सख्खा भाऊ गोलकीपर. उरले बळवंतराव. ते स्वतः संयोजकांकडे गेले, मी बरोबर होतो. म्हणाले, "मेरा लड़का खेल रहा है. मुझे मत रखिए." संयोजक हसले. "घोडके साब, इंदौर वालों ने खुद आपका नाम लिया है. कहते हैं, बाप होगा तो लड़के को और कसकर पकड़ेगा." बळवंतरावांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना सांगता आलं नाही, ठरवणं संयोजकांचं होतं.  घराशी आल्यावर म्हणाले, "अर्धा वेळ तो माझ्याकडे येईल, अर्धा तिकडे जाईल." मुलगा कुणाच्या घरी राहायला जातोय अशा सुरात ते बोलले.

त्या दुपारी मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी बळवंतरावांच्या बाजूच्या दोरीशी उभा होतो. सामन्याच्या पहिल्या भागात यशवंतची चढाई बापाच्या अर्ध्यात. इंदूरवाल्यांचा होरा चुकला नाही. स्टिक खांद्यावर गेली की शिट्टी, चेंडू जरा उडाला की शिट्टी. दुसऱ्या कुणाला सोडलं असतं ते यशवंतला सोडलं नाही. एकदा तर तो डीमध्ये, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळात, एकटा घुसला होता आणि बळवंतरावांनी त्याला मागं बोलावलं. यशवंतनं वळून बापाकडे पाहिलं. बापानं हातानं जागा दाखवली, इथून. मध्यंतराच्या आधी इंदूरनं एक गोल केला. मध्यंतरात ग्वाल्हेरचा कप्तान यशवंतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल यार, अब तो तेरे पिताजी से छुट्टी." यशवंत हसला. त्या दिवशी तो हसलेला तेवढाच.

पलीकडच्या अर्ध्यात इंदूरचा अंपायर होता. तरुण, अंगापेरानं बरा, पण घामानं सदरा पाठीला चिकटलेला. परकं गाव, एवढी गर्दी, आणि प्रत्येक शिट्टीला आरडाओरडा. खेळ संपायला थोडा अवकाश असताना यशवंत उजवीकडून आत आला, दोघांना चुकवलं, डीत शिरला आणि मारला. मारा इतका जोरात होता की चेंडू गोलात जाऊन मागच्या फळीवर आदळला आणि तसाच उलट बाहेर आला. इंदूरच्या पोरानं तो स्टिकवर घेऊन पुढं मारला. इंदूरचा अंपायर जागचा हलला नाही. त्याला वाटलं, खांबाला लागून परतला. तो हातानं खेळ चालू ठेवा म्हणाला.

खांबाला लागलेल्या चेंडूचा आवाज टणक येतो आणि फळीला लागलेल्याचा जड, दार आपटल्यासारखा. हे ज्यानं चार सामने पाहिलेत त्याला कळतं. एवढ्या लांब उभं राहून मला कळलं. बळवंतरावांची मान त्या आवाजासरशी गोलाकडे वळली, आणि शिट्टी ओठांत गेली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. गाल फुगलेले मी पाहिले. गर्दी दोऱ्या तोडून आत यायच्या बेतात होती, ग्वाल्हेरचे खेळाडू पलीकडच्या अंपायरभोवती जमले होते, आणि कप्तान इकडे हात करून ओरडत होता, "घोडके साब से पूछो, एक बार पूछ तो लो." त्या तरुण अंपायरनं एकदा जरी इकडे पाहिलं असतं तरी भागलं असतं. त्यानं पाहिलं नाही. मान खाली घालून तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. बळवंतरावांनी शिट्टी ओठांतून काढली. सामना एक गोलानं गेला.

मी त्यांना बोललो, नाही असं नाही. परतताना रस्त्यात उभं करून बोललो. म्हटलं, अहो, पोराच्या पोटाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "दीक्षित, तो इंदूरचा अंपायर पोरगा मला कसा विचारणार? विचारलं असतं तर इंदूरवाले म्हणाले असते, बापाला विचारून गोल दिला. त्याचीही गळचेपी होती." मी म्हटलं, मग तुम्ही आपणहून वाजवायची. ते बराच वेळ सायकलची घंटी अंगठ्यानं दाबत राहिले, नुसतीच, न वाजवता. मग म्हणाले, "मारणारा माझा मुलगा नसता तर कदाचित हवालदारसाहेबांना विसरून वाजवलीही असती." त्यांचे डोळे भरले होते. 

घरी वहिनींनी दोघांना वाढलं. मी ओट्यावर बसलो होतो, आतलं ऐकू येत होतं. यशवंत खाली मान घालून जेवत होता. त्यानं बापाला काही विचारलं नाही. बापानं काही सांगितलं नाही. वहिनी पोळी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे घर तुमच्या अर्ध्यात येतं की नाही, तेवढं एकदा सांगून टाका."  नंतर भांड्यांचा आवाज आला, आणि मी घरी गेलो.

निवडीत यशवंतचं नाव नव्हतं. महिन्याभरात तो कानपूरला एका कापड गिरणीत लागला. सुरुवातीला सणासुदीला यायचा, मग दिवाळीला, मग एकाआड एक दिवाळीला. तिकडेच लग्न केलं. स्टिक घरीच ठेवून गेला होता, ती वहिनींनी कुणालातरी देऊन टाकली.

ग्वाल्हेर मात्र तो गोल विसरलं नाही. बळवंतराव भाजी घेत असले की भाजीवाला विचारायचा, "साब, वो गोल था न?" न्हावी विचारायचा, टांगेवाला विचारायचा. बळवंतराव एकच उत्तर द्यायचे, "उधर के अंपायर से पूछो." लोक हसायचे. हळूहळू ती गावातली एक गंमतच झाली. कुणी कशाचा जबाब टाळला की पोरं म्हणायची, उधर के अंपायर से पूछो. बळवंतरावांसमोर म्हणायची. ते ऐकून घ्यायचे आणि सायकल पुढं काढायचे.

मग छप्पन साल आलं. मध्य भारत मोडला, मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि आमची कचेरी पेट्या भरून कायमची तिकडे निघाली. या खेपेला परत यायच्या पेट्या नव्हत्या. खेळाच्या संघटनाही नव्यानं बांधल्या गेल्या. अंपायरांची नवी परीक्षा आली, वयाची अट आली, आणि बळवंतराव त्या अटीच्या पलीकडे पडले. मी म्हटलं, अर्ज करा, सूट मागा, तुमचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "ठरवणारे ते. मी काय म्हणणार?" मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते ग्वाल्हेरातच राहिले. मी भोपाळला गेलो. पुढचं सगळं पत्रांतून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत राहिलं. रविवारी मैदानावर जायचे म्हणे, बूट पांढरे करून, पण दोरीच्या बाहेर उभे राहायचे. एका हिवाळ्यात वहिनी गेल्या.

पुतणीच्या लग्नाला म्हणून मी ग्वाल्हेरला आलो, तेव्हा दाणा ओळीत कळलं की यशवंत बापाला न्यायला आला आहे आणि आज दुपारच्याच गाडीनं ते निघाले. मी तसाच टांगा करून स्टेशनवर गेलो. गाडी लागलेली होती. बळवंतराव खिडकीशी बसले होते, अंगात कोट, गळ्यात मफलर, फार बारीक झालेले. मला पाहून उठायला लागले, मी खिडकीतूनच बसा म्हटलं. "दीक्षित, हा नेतोय," ते म्हणाले. "मला पुसलं नाही. बरंच केलं, पुसलं असतं तर मी काय सांगितलं असतं." समोर यशवंत बाकाखाली ट्रंक ढकलत होता. कानाशी केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं, गिरणीच्या धुळीचा बारीक खोकला. मी त्याला ओळखलं ते त्याच्या वाकण्यावरून.

गार्डची शिट्टी झाली. मी निरोपाचं काहीतरी बोलत होतो. बळवंतरावांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "यशवंत," ते म्हणाले.

"हां, आबा."

"तो चेंडू फळीला लागला होता. गोल होता."

डब्यात कुणी विचारलेलं नव्हतं. यशवंतचे हात ट्रंकेवर तसेच राहिले. मग त्यानं ट्रंक आत सारली, गुडघ्यांवर हात टेकून उठला, बापाकडे पाहिलं.

"पता आहे मला, आबा," तो म्हणाला. "मीच मारला होता न."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, बळवंतरावांनाही वाटलं असतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, अजून काही येईल म्हणून. यशवंतनं वळकटीतून शाल काढली, त्यांच्या पायांवर घातली, कडेनं खोचली.

"आत सरका थोडे," तो म्हणाला. "गाडी सुटली की हवा लागेल."

बळवंतराव सरकले. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो, पण खिडकीत आता ते नव्हते. यशवंतचा हात तेवढा बाहेर आला आणि त्यानं खिडकी ओढून घेतली.